तळहाताची वेदना क्षुल्लक नव्हे

कर्करोगावर औषध लागू पडले की चिकित्सेचे कर्तव्य संपले, असे मानण्याचा प्रघात असला, तरी कॅपेसिटाबिन या कर्करोगावरील औषधाच्या गोळ्या घेताना ज्या रुग्णाचे तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात आणि ज्याला भाकरी मोडणे किंवा चार पावले चालणेही असह्य होते, त्याच्या दृष्टीने ही त्वचेची पीडा गौण खासच नव्हे. कारण तिच्यापायी पुष्कळदा औषधाची मात्रा घटवावी लागून मूळ इलाजालाच बाध येतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी स्तन व पचनमार्गाच्या कर्करोगाच्या २६४ रुग्णांवर केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अंगदुखीवर सर्रास चोळले जाणारे डायक्लोफिनॅकचे जेल १२ आठवडे हातांना लावणाऱ्यांत या विकाराच्या मध्यम व तीव्र स्वरूपाचे प्रमाण ३.८ टक्के, तर औषधविरहित जेल लावणाऱ्यांत १५ टक्के आढळले. एवढ्या अल्पमोलाच्या वस्तूने एवढा दिलासा मिळत असेल, तर अशा संशोधनासाठी सरकारने अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करणे अगत्याचे आहे. आणि रुग्णांनीही आपली वेदना मुकाट्याने न सोसता, ती पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या कानी घालावी.