शैवालाला खतपाणी

औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सामू सरासरी 8.2 च्या आसपास होता. आता तो 8.1 च्याही खाली उतरू लागला आहे. फरक दशांशाचा असला तरी सामूची मोजपट्टी लॉगॅरिदमची असते. त्यामुळे या दशांशाचा अर्थ पाण्यातील हायड्रोजन आयन 25 ते 30 टक्क्यांनी वाढले असा होतो. माणूस हवेत सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र रिचवतो आणि त्याचे कार्बोनिक आम्ल बनते. समुद्र यामुळे आम्ल होत नाही, तो अल्कधर्मीच राहतो. त्याचा अल्कधर्मीपणा तेवढा घटतो. याचा फटका प्रवाळांना आणि शंख-शिंपल्यांना बसतो, हे आता शाळेच्या पुस्तकातही आढळते. माशांना आणि माणसांना विषबाधा करणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे या बदलत्या पाण्यात काय होते, याची चर्चा मात्र प्रयोगशाळांच्या बाहेर फारशी आलेली नाही. ती बेलापुरात व्हायला हवी. एका अंगाला पारसिकची टेकडी, दुसऱ्या अंगाला पनवेलची खाडी, काठावर दिवाळे कोळीवाडा आणि हाकेच्या अंतरावर कोकण भवन, सिडको भवन व महापालिकेचे मुख्यालय, अशी या गावाची मांडणी आहे. किनाऱ्याविषयीचे बरेचसे निर्णय ज्या टेबलांवरून सुटतात, ती टेबले खाडीच्या इतक्या जवळ क्वचितच असतात.

शैवाल वनस्पतींप्रमाणे प्रकाशसंश्लेषण करते, तेव्हा कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याची चंगळच होणार, असा सरळ हिशेब कुणीही मांडेल. तो अर्धाच खरा आहे. समुद्रातील विरघळलेल्या कार्बनपैकी जेमतेम एक टक्का कार्बन डायऑक्साइडच्या रूपात असतो, बाकी बहुतेक बायकार्बोनेट. पेशीला हा कार्बन आत ओढून साठवावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. वायू मुबलक झाला की हा खर्च वाचतो. ज्यांचे कार्बन पकडणारे विकर मुळातच कमी कार्यक्षम आहे त्या डायनोफ्लॅजेलेटांना ही बचत अधिक लाभदायक ठरू शकते, आणि घातक शैवालांतील कित्येक जाती नेमक्या याच गटातल्या आहेत. प्रयोगांचे निष्कर्ष मात्र एका सुरात बोलत नाहीत. अरबी समुद्रात उन्हाळ्याच्या तोंडाला लाकडाच्या भुशासारखे तरंगणारे ट्रायकोडेस्मियम आम्लीकरणाने फोफावते, असे आधीच्या काही प्रयोगांत दिसले होते. 2017 साली चिनी शास्त्रज्ञांनी त्याच्या उलट, त्याची नत्र बांधण्याची क्षमता घटते असे दाखवले. कॅनरी बेटांजवळ समुद्रात मोठ्या पिशव्या सोडून केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कार्बन डायऑक्साइड वाढवलेल्या पाण्यात विसिसिटस ग्लोबोसस हे विषारी शैवाल इतके माजले की त्यावर जगणाऱ्या प्राणिप्लवकांची साखळीच विस्कटली. जात बदलली की उत्तर बदलते. सरसकट विधान करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

अतिनील किरणांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. हा विषय निघाला की ओझोनचे छिद्र मध्ये आणले जाते. मुंबईच्या अक्षांशावर त्याचा संबंध थोडाच. उष्ण कटिबंधात ओझोनचा थर मुळातच पातळ आणि सूर्य डोक्यावर, म्हणून इथले अतिनील किरण पूर्वीपासूनच तीव्र आहेत. बदलते आहे ते शैवालाचे त्यांच्याखाली राहणे. वरचे पाणी तापले किंवा पावसाळ्यात गोडे पाणी खाऱ्यावर पसरले की थर घट्ट होतात, पाणी ढवळले जात नाही आणि शैवाल उजेडाच्या पातळ पट्ट्यात अडकते. 280 ते 315 नॅनोमीटरचे यूव्ही-बी किरण पेशीतील डीएनएची वीण बिघडवतात आणि प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतील प्रथिने मोडतात. पेशी ती दुरुस्त करत राहते; दुरुस्तीपेक्षा मोडतोड वेगाने झाली की वाढ थांबते. कार्बन डायऑक्साइड वाढलेला असताना कार्बन ओढण्याची यंत्रणा पेशीने आवरती घेतलेली असते, त्यामुळे जादा उजेडाची ऊर्जा खपवायला जागा उरत नाही आणि नुकसान वाढू शकते. लाल लाटा आणणाऱ्या फिओसिस्टिस ग्लोबोसा या शैवालावर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आम्लीकरण आणि अतिनील किरण यांनी मिळून अशीच कात्री लावली होती. म्हणजे दोन संकटे एकत्र आली की शैवालाचे फावेलच, असे नाही.

मग चिंता कशाची? या दोन घटकांबरोबर तिसरा घटक आला की गणित पालटते, याची. तो तिसरा घटक म्हणजे नत्र, आणि तो सांडपाण्यातून येतो. अतिनील किरणांपासून बचावासाठी अनेक शैवाले मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले बनवतात. ही त्यांची नैसर्गिक छत्री. ती बनवायला नत्र लागते. शिंपल्यांतून माणसाला पक्षाघात करणाऱ्या सॅक्सिटॉक्सिनच्या एका रेणूत दहा कार्बन अणूंमागे सात नत्र अणू असतात, म्हणजे विषालाही नत्रच लागते. वरून पुरवला जाणारा कार्बन आणि नाल्यातून येणारे नत्र एकाच पेशीला छत्री व हत्यार दोन्ही देऊ शकतात. सांडपाण्यात नत्र-स्फुरद भरपूर असते, सिलिका त्या मानाने कमी. त्यामुळे काचेचे कवच बांधणाऱ्या डायाटमांची कुचंबणा होते. त्यांतल्याच स्यूडो-नित्झशिया या विषारी वंशातील एका जातीवर 2012 मध्ये झालेल्या प्रयोगात सिलिकाची टंचाई आणि वाढीव कार्बन डायऑक्साइड एकत्र आल्यावर डोमोइक आम्लाचे विष कित्येक पटींनी वाढले. याच विषाने 1987 साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले होते आणि मृत्यूही ओढवले होते.

भारताला हे नवे नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 1908 ते 2009 या काळातील भारतीय किनाऱ्यावरच्या शैवालबहरांच्या 101 नोंदी एकत्र केल्या. 1981 मध्ये तामिळनाडूत शिंपले खाऊन तिघे दगावले. 1997 मध्ये केरळच्या विळिंजम येथे सात.  महाराष्ट्रात लोकांना ठाऊक आहे ती निळी चमक. 2016 च्या नोव्हेंबरात जुहूच्या लाटा रात्री उजळल्या तेव्हा किनाऱ्यावर बघ्यांची रीघ लागली होती. ही चमक नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवाची. ती स्वतः माणसाला विषारी नसली तरी अमोनिया साठवते आणि मासे तिला फारसे खात नाहीत. मूळ गोव्याचे असलेले जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी 2014 मध्ये अरबी समुद्रातील तिच्या फैलावाचा संबंध प्राणवायू घटलेल्या पाण्याशी जोडला. प्राणवायू संपतो तिथे कार्बन डायऑक्साइड वाढतो, हे ओघानेच आले. म्हणून खाडीतले आम्लीकरण निव्वळ आकाशातून येत नाही. कुजणारे सांडपाणी ते तळातूनच निर्माण करते.

दिवाळ्याजवळ ओहोटीला उघडा पडणारा चिखल नीट पाहिला तर त्यावर तपकिरी-हिरवट साय धरलेली दिसते. तिच्यातले डायाटम ऊन तापू लागले की चिखलात खाली सरकतात आणि उजेड सोसेल इतका झाला की वर येतात. गढूळ पाण्यात अतिनील किरण काही सेंटिमीटरांतच विरतात. उघड्या चिखलावर मात्र त्यांना आडकाठी नसते. हीच साय निवटीचे अन्न आहे, आणि खाडीतील नीलहरित शैवाल लहान रोहितांचे. 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ झालेल्या ठाणे खाडीत लहान रोहित येतात ते या शैवालासाठीच, हे विसरून सगळ्याच शैवालाला शत्रू ठरवणे वेडगळपणाचे. शैवाल कोणते, किती आणि कुठल्या पाण्यात, हा प्रश्न आहे. 2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तलावावर हिरवी जाड साय धरली आणि रोहित तिथून उठले. तिथे हवामानबदलाला दोष देण्याची सोयच नव्हती.

दोष नेमका कुठे आहे ते कळायला मोजमाप हवे, आणि सध्याचे मोजमाप अपुरे आहे. ठरावीक दिवशी बाटली भरून सामू काढतात, पण खाडीतला सामू भरती-ओहोटीबरोबर दिवसभरात कितीतरी हलतो. त्याच्या जोडीला एकूण अल्कता किंवा विरघळलेला कार्बन मोजल्याशिवाय आम्लीकरणाचा पत्ता लागत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची शैवालबहर माहिती सेवा उपग्रहाच्या आधारे ईशान्य अरबी समुद्रावर नजर ठेवते, पण पनवेल खाडीसारख्या अरुंद, गढूळ पाण्यात उपग्रहाचा डोळा चालत नाही. समोरच न्हावा-शेव्याला जगभरची जहाजे येतात. त्यांनी तोल राखण्यासाठी भरलेल्या पाण्यातून परकी शैवाले येऊ नयेत म्हणून ते पाणी अतिनील दिव्यांखालून सोडण्याची एक पद्धत आहे. जहाजांना जी खबरदारी लागू आहे, तिच्या निम्मीही खाडीकाठच्या बाजाराला नाही. तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून खातात, विष अंगात साठवतात, आणि सॅक्सिटॉक्सिन शिजवून जात नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने त्यासाठी शिंपल्यांच्या मांसात किलोमागे 0.8 मिलिग्रॅमची मर्यादा घालून दिली आहे.

जगाचा कार्बन बेलापुरातून कमी होणार नाही आणि सूर्य तर कुणाच्याच अखत्यारीत नाही. नत्र आणि भरतीच्या वाटा मात्र आहेत. प्रक्रिया केंद्रांतून खाडीत सुटणाऱ्या पाण्यातील नत्र-स्फुरदाचे आकडे महापालिकेने दरमहा जाहीर करावेत, सिडकोने बुजलेल्या वाटा मोकळ्या कराव्यात, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खाडीतील तिसऱ्या-कालवांची विषतपासणी करून निकाल दिवाळ्याच्या मासळीबाजारात मराठीत लावावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.