‘आधी’ म्हणजे नेमके केव्हा?

मनाला उमगण्याआधी देहाला कळते, हे विधान साहित्यचर्चेत हल्ली फार सैलपणे केले जाते. आधारादाखल अंतोनियो दामासिओ यांचे नाव येते, आणि पाठोपाठ आयोवा विद्यापीठातल्या जुगाराच्या प्रयोगाचे.

प्रयोग साधा आहे. पत्त्यांचे चार गठ्ठे. दोन गठ्ठ्यांत दर पत्त्याला शंभर डॉलर मिळतात, पण मधूनच जबर दंड बसतो. उरलेल्या दोहोंत पन्नासच मिळतात, मात्र अखेरीस फायदा होतो. खेळणाऱ्याच्या त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे पर्यायाने घाम, सतत नोंदली जाते. १९९७ साली बेकारा, दामासिओ आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिले की, वाईट गठ्ठ्याकडे वळण्यापूर्वी निरोगी माणसाला घाम येऊ लागतो, आणि तोही गठ्ठा वाईट आहे हे त्याला सांगता येण्याच्या आधी.

सारा भार या ‘आधी’वर आहे. घामाची रेषा अखंड असते, खेळ मात्र तुटक घटनांचा. पत्ता उचलला त्या क्षणाची खूण रेषेवर पडल्याखेरीज दोहोंचा सांधा जुळत नाही. त्यातून त्वचेचा प्रतिसाद कारणामागून एक ते तीन सेकंदांनी उमटतो. पत्ते भराभर उचलले, तर मागल्या पत्त्याची हळहळ पुढल्या पत्त्याची भीती म्हणून वाचली जाईल! म्हणून दोन पत्त्यांत काही सेकंद जाऊ द्यावे लागतात.

देहाच्या बाजूने एवढी काटेकोर व्यवस्था. आणि ‘कळण्या’ची वेळ? ती ठरली प्रश्न विचारून: पहिल्यांदा वीसेक पत्त्यांनंतर, मग दर दहा पत्त्यांनी, तेही ‘या खेळाविषयी काय कळते ते सांगा’ अशा मोघम शब्दांत. एक मोजपट्टी सेकंदांची, दुसरी दहा-दहा पत्त्यांची. २००४ मध्ये माइया आणि मॅक्लेलंड यांनी नेमके प्रश्न विचारले, तेव्हा शहाणपणाने खेळणाऱ्यांना आपण तसे का खेळतो हे बहुधा सांगताही येत होते. त्यांनी घाम मोजला नव्हता. त्यामुळे देहाची साक्ष खोटी ठरली नाही, फक्त मनाला दिलेला उशीर संशयास्पद ठरला.

(या प्रयोगाला भरताच्या स्वेदाशी जोडण्याचा मोहही आवरावा. भरत सात्त्विक भावांचा उगम समाहित मनात पाहतो, म्हणजे नेमका उलट्या दिशेने.)

कादंबरीत ‘त्याला घाम फुटला, मग कळले’ हा क्रम निवेदक लावतो, आणि त्या निवेदकाची उलटतपासणी आपण वर्गात तास-तास करतो. प्रयोगशाळेतला हाच क्रम मात्र आपण विनातक्रार उचलतो. दामासिओंचा दाखला देणाऱ्या लेखांत २००४ च्या त्या निबंधाचा उल्लेख मला क्वचितच आढळला आहे.