सह्या असतात की सगळ्या!



आपल्या भागातली काही पोरं मुंबई हायवर कंत्राटी कामाला आहेत. माझा भाचाही तिथं वेल्डर. सेफ्टीचं विचारलं की हसतो. 'मामा, फॉर्मवर सह्या असतात की सगळ्या!'

अशा सह्यांचं मोल ६ जुलै १९८८ ला ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात कळलं. पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. तसा कागदही होता. पण रात्रपाळीला कुणी तोंडानं सांगितलं नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला. गॅस सुटला, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. परवान्याचा कागद टेबलावर ठेवून निघून जायचं, ही तिथली रीतच झाली होती, असं चौकशीत निघालं.

यावर 'कामगारच बेफिकीर' म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जास्त बोलणाऱ्या कंत्राटी माणसाला पुढच्या खेपेला बोलावत नाहीत, ही धास्ती त्या समुद्रावर होती. मग तोंड कोण उघडणार? हेल्मेट नि बूट वाटून हे भागत नाही. काम थांबवणाऱ्याची भाकरी जाणार नाही, हे आधी मालकानं नि ठेकेदारानं दाखवून द्यावं.

मुंबई हायवरही २७ जुलै २००५ च्या आगीत २२ जण गेले. म्हणून भाच्याला विचारलं, 'तू कधी काम थांबवलंस का रे?' बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'परत बोलवायला पाहिजे ना, मामा.'

ज्यांची पोरं तिकडं आहेत, त्यांनी सुट्टीत घरी आल्यावर एवढं विचारून पाहावं.

— ऊस विकास अधिकारी