मनोऱ्यावर बाईचं नाव, कपाटात कोणाचं?

‘‘राजाबाई कोण गं?’’ विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात एकीनं विचारलं. आम्ही वर्षानुवर्षं चर्चगेटला उतरतो, ओव्हलपलीकडचा मनोरा पाहतो; पण उत्तर कुणालाच येईना.

राजाबाई म्हणजे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांची आई. त्यांच्याच देणगीतून मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय आणि हा मनोरा उभा राहिला. मनोरा पुरा झाला १८७८ साली. विद्यापीठानं पदवी परीक्षांची दारं बायकांना उघडली ती १८८३ साली. म्हणजे पाच वर्षं बाईचं नाव वर आणि बाई बाहेर!

तिथल्या दुर्मिळ ठेव्याचं कौतुक मलाही आहे. अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ साली निघाली, संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची १९४४ साली. कुणीतरी ती जपली, पुसली, नोंदली, म्हणून त्यांचा ठेवा झाला. माझा सवाल एवढाच : काय जपायचं, हे कोण ठरवतं?

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली छापलं गेलं. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, असं त्यांनी खडसावून विचारलं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे आपल्या हाती आलं. त्र्याण्णव वर्षं! आपल्या आज्या-पणज्या त्यावाचूनच गेल्या. हे पुस्तक निदान सापडलं. ज्यांची एकही प्रत उरली नाही, त्यांचं काय?

म्हणतील, बायकांच्या वह्या-कागदांत कसलं आलंय दुर्मिळ? अहो, तुम्ही रद्दीत घालता म्हणूनच ते दुर्मिळ होतं!

आपल्या वसईकडेच पाहा. सामवेदी, वाडवळी लग्नगीतं म्हाताऱ्या बायकांच्या ओठांवर आहेत. पहाटेच्या गाडीनं मुंबईला फुलं-भाजी नेणाऱ्यांचे हिशेब, महिला मंडळांची इतिवृत्तं, मोर्च्यांची पत्रकं घरोघरच्या ट्रंकांत पडून आहेत. घर आवरताना पहिलं तेच बाहेर जातं.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत एकही वही टाकू नका. तिच्यावर नाव, गाव, तारीख घाला. गाणी उतरवून घ्या, खाली गाणारीचं नाव लिहा. आणि विद्यापीठाकडे मागणी करू या : याला कपाट द्या, सूचीत जागा द्या. मनोऱ्यावरच्या एका नावावर आमची बोळवण नको!