पेढे कधी वाटणार?



हॅना गॅड्सबी यांचा 'समथिंग स्पेशल' हा स्टँड-अप कार्यक्रम २०२३ साली नेटफ्लिक्सवर आला. पाहिला नसेल तर जरूर पाहा. २०१८ च्या 'नॅनेट'मध्ये याच गॅड्सबींनी, स्वतःचीच टिंगल करून लोकांना हसवणं आता बस्स, असं ठणकावून सांगितलं होतं. समलिंगी संबंध १९९७ पर्यंत गुन्हा असलेल्या टास्मानियात वाढलेल्या माणसाचा तो संताप होता. नव्या कार्यक्रमात मात्र त्या सांगतात स्वतःच्या लग्नाची गोष्ट. चक्क आनंदाची!

लग्नाचा विनोद आपल्याला नवा नाही. पु.लं.चा नारायण आपल्या प्रत्येकाच्या घरच्या कार्यात राबून गेलेला आहे. पण समलिंगी माणसाच्या वाट्याला आपल्याकडे काय आलं? 'मोरूची मावशी' आणि 'अशी ही बनवाबनवी'त पुरुष साडी नेसतो आणि आपण पोट धरून हसतो. मीही हसतो. पण ती गंमत वेषांतराची. तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट'मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी नायिका १९८१ साली धीटपणे रंगमंचावर आणली. तिची अखेर आत्महत्येत झाली. एकीकडे सोंग, दुसरीकडे शोकांतिका. दोघांच्या मधलं, भाजीला काय करायचं यावरून भांडणारं सुखी घर क्वचितच दिसतं.

आमच्या स्टेट कॉलेजला लाडाने 'हॅपी व्हॅली' म्हणतात. पण इथेही सगळं सहज घडलं नाही. १९७२ साली पेन स्टेटचा विद्यार्थी जो अ‍ॅकॅन्फोरा इथल्या शाळेत शिकवण्याचा सराव करत होता. तो समलिंगींच्या संघटनेत आहे हे कळल्यावर त्याला काढून टाकलं; कोर्टाने परत घ्यायला लावलं. २०१३ साली, राज्याची मान्यता नसताना, तेव्हाच्या महापौर एलिझाबेथ गोरहॅम यांनी इथे दोन पुरुषांचं लग्न लावलं. २० मे २०१४ ला फेडरल कोर्टाने पेनसिल्व्हेनियातली बंदीच रद्द केली.

आता आपल्याकडे वळू. इथे रीतसर लग्न झालेलं जोडपं मुंबईच्या विमानतळावर उतरलं की कायद्याच्या लेखी नुसते मित्र उरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये, ३७७ कलम अजून लागू असताना, कॅलिफोर्नियातल्या एका मराठी इंजिनिअरने यवतमाळला आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी नातेवाइकांच्या साक्षीने लग्न केलं. जे यवतमाळला जमलं, ते न्यू जर्सीत आणि बे एरियात आपल्याला का जमू नये?

माझ्या ओळखीतल्या एक काकू मला म्हणाल्या, "मुलाचं लग्न छान झालं रे, जावईही गुणी आहे. फक्त मंडळात पेढे नाही वाटले." त्यांना मुलाची लाज नव्हती. आपल्या चेहऱ्यांवर काय उमटेल, याची धास्ती होती.

भारतातला कायदा आपल्या हातात नाही. मंडळाचा फॉर्म आहे. त्यावरचं 'पती/पत्नी' काढून 'जोडीदार' लिहायला एक मिनिट लागतं. दिवाळीच्या कार्यक्रमातले जोडप्यांचे खेळ सगळ्या जोडप्यांसाठी ठेवता येतात. "आमच्या मंडळात असं कुणी नाहीच," असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन : आहेत. ते आपल्याला सांगत नाहीत, इतकंच. येत्या कार्यकारिणीत हा विषय काढा, आणि काय झालं ते कळवा.