उगमाकडची नदी
नदीप्रदूषणाची चर्चा आपल्याकडे पंचगंगा, मुळा-मुठेच्या शहरी पात्रापाशीच थांबते. कृष्णा, कोयना, सावित्री ज्या महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, तिथले पाणी निर्मळच असणार, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक घातक आहे.

घाटमाथ्यावरच्या वाहत्या ओढ्यातला एखादा दगड उलटून पाहावा. खालच्या बाजूला चपट्या, शेपटीला दोन-तीन तंतू असलेल्या मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. गाळाने दगडांमधल्या फटी बुजल्या की या अळ्या आधी नाहीशा होतात, आणि पाठोपाठ त्यांवर जगणारे मासे. महसीर माशालाही अंडी घालायला वाहते पाणी आणि गोट्यांचा स्वच्छ तळ लागतो. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात लोकांनी देवीचे मासे म्हणून तो राखला. सरकारी कायद्याला जे जमले नाही, ते तिथे श्रद्धेने करून दाखवले. पण डोह राखला तरी वरून येणारा गाळ कोण रोखणार?

महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तरीही डोंगर फोडून रस्ते आणि बंगले उभे राहतात तेव्हा खोदलेली माती पहिल्या पावसात ओढ्यातच उतरते. बांधकामाला परवानगी देतानाच ही माती कुठे टाकणार, हे लेखी घ्यावे. ओढ्यात लोटणाऱ्याचे काम तिथेच थांबवावे. आणि माशांना लागणारे वाहते पाणी टिकावे म्हणून धरणांतून उन्हाळ्यातही नदी वाहती राहील इतके पाणी सोडणे जलसंपदा विभागावर बंधनकारक करावे.