हिऱ्याचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. हिऱ्यांच्या बाजारातही दीर्घकाळ हीच रीत होती. वजन, रंग, शुद्धता आणि पैलूंची घडण पाहून सौदा ठरत असे. हिरा कोणत्या देशाच्या भूमीतून निघाला, हे पुडीवर लिहिण्याची गरज कोणास वाटत नसे. युक्रेनच्या युद्धाने ही रीत मोडली. आज अमेरिकेचा किंवा युरोपचा ग्राहक मालाच्या आधी मालाचे मूळ विचारतो, आणि त्याचे उत्तर मुंबई-सुरतेच्या व्यापाऱ्यास द्यावे लागते.

जगात खाणीतून निघणाऱ्या कच्च्या हिऱ्यांपैकी, संख्येच्या हिशेबाने, सुमारे एक तृतीयांश हिरे रशियातून येत आले आहेत. ते मुख्यतः सैबेरियातील याकुतियाच्या खाणींतले असून त्यांचे उत्खनन अलरोसा ही कंपनी करते. तिचे ३३ टक्के भाग रशियाच्या केंद्र सरकारकडे आणि २५ टक्के याकुतियाच्या प्रादेशिक सरकारकडे आहेत. म्हणजे हिऱ्याच्या विक्रीतील पैशाचा मोठा वाटा सरकारी तिजोरीत जातो, आणि त्याच तिजोरीतून युद्धाचा खर्च चालतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. मार्चमध्ये अमेरिकेने रशियन हिऱ्यांची आयात बंद केली. परंतु जकातीच्या नियमाप्रमाणे ज्या देशात हिऱ्याला पैलू पडतात, तोच त्याचा देश मानला जाई. त्यामुळे याकुतियाचा हिरा सुरतेत घडला की भारतीय ठरत असे आणि न्यूयॉर्कच्या बाजारात निर्वेध पोहोचत असे.

ही वाट बंद करण्याचा निर्णय जी-७ राष्ट्रांनी डिसेंबर २०२३ मध्ये घेतला. १ जानेवारी २०२४ पासून रशियातून थेट येणाऱ्या हिऱ्यांवर बंदी आली. १ मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पाडलेले, एक कॅरेट व त्याहून मोठे रशियन हिरेही वर्ज्य झाले. १ सप्टेंबरपासून ही मर्यादा अर्ध्या कॅरेटवर, म्हणजे अवघ्या १०० मिलिग्रॅमवर आली.

येथे कोणी विचारील, की ‘रक्तरंजित हिरे’ रोखण्यासाठी किंबर्ली प्रक्रिया अस्तित्वात असताना ही नवी व्यवस्था कशासाठी? किंबर्ली प्रक्रिया २००३ पासून अमलात आली, ती अंगोला आणि सिएरा लिओन येथील यादवी युद्धांच्या अनुभवातून. तेथील बंडखोर टोळ्या हिरे विकून शस्त्रे घेत होत्या. म्हणून या प्रक्रियेने संघर्षातील हिऱ्यांची व्याख्याच अशी केली, की वैध सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांच्या हिऱ्यांपुरतीच ती लागू व्हावी. सरकारच स्वतःच्या सैन्यानिशी शेजारच्या देशावर चालून गेले, तर ही व्याख्या मुकी राहते. शिवाय तेथे निर्णय सर्वसंमतीने होतात आणि रशियाही सदस्य आहे. त्यामुळे व्याख्या बदलण्याचे प्रयत्न पुढे सरकले नाहीत. जे काम आंतरराष्ट्रीय करारास साधले नाही, ते बड्या खरेदीदारांनी बाजाराच्या बळावर करावयास घेतले.

भारताची स्थिती या प्रकरणात अवघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने घातलेले निर्बंधच आपण मानतो, एखाद्या गटाचे एकतर्फी निर्बंध नव्हे, ही भारताची जुनी भूमिका आहे. त्यानुसार रशियन हिरे विकत घेणे हा भारतीय कायद्याने गुन्हा नाही. मात्र जगातील दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात आणि घडलेल्या हिऱ्यांचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका आहे. दिल्लीने परराष्ट्र धोरण स्वतंत्र ठेवले, तरी वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये बसलेल्या व्यापाऱ्यास नियम मानावा लागतो तो ग्राहकाचा. पालनपूरहून मुंबईला आणि तेथून अँटवर्पला गेलेल्या अनेक जैन पेढ्यांचे कारभार तर या दोन्ही काठांवर पसरलेले आहेत.

या निर्बंधांवरील आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. रशियास हिऱ्यांच्या निर्यातीतून युद्धापूर्वी वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर मिळत. खनिज तेल आणि वायूचे उत्पन्न त्याच्या कित्येक पट होते, आणि युरोपने रशियन वायूची खरेदी युद्ध सुरू झाल्यावरही पूर्णपणे थांबविली नाही. सर्व कच्चा माल तपासणीसाठी अँटवर्पमार्गे जावा, ही कल्पना पुढे आली, तेव्हा बोत्सवाना, अंगोला आणि नामिबिया या देशांनी तक्रार केली, की रशियाच्या अपराधाचा खर्च आफ्रिकेच्या माथी का? बोत्सवानाने हिऱ्यांच्या उत्पन्नावर शाळा, दवाखाने आणि रस्ते उभे केले आहेत. सुरतेत नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराचाही प्रश्न आहे. मागणी मंदावल्यामुळे भारतीय हिरे उद्योगाने २०२३ मध्ये १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर कच्च्या मालाची आयात स्वतःहून थांबविली होती. आधीच मंदीने वाकलेल्या या धंद्यावर कागदपत्रांचा भार त्यानंतर आला.

हे सर्व खरे असले, तरी दुसऱ्याच्या धोरणातील विसंगती हे आपल्या खोट्या कागदाचे समर्थन होऊ शकत नाही. पैलू पाडलेल्या हिऱ्याकडे पाहून त्याची खाण सांगण्याची सर्वमान्य पद्धत बाजारात रुळलेली नाही. म्हणून सारा विश्वास विक्रेत्याच्या घोषणापत्रावर उभा असतो. निरनिराळ्या खाणींचा माल एकत्र करून प्रतवारी लावण्याची चाल जुनी आहे, आणि तेथेच मूळ हरवते किंवा हरविले जाते. जैन आचारशास्त्राने श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख तयार करणे, आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’, म्हणजे राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणे, यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हे दोष व्यापाऱ्याच्या नित्य व्यवहाराकडे पाहूनच गणले असावेत, असे वाटण्याजोगी त्यांची यादी आहे.

रशियन माल घ्यावा की घेऊ नये, याविषयी दोन पेढ्यांचे मत वेगळे असू शकेल. परंतु घेतलेला माल वेगळा ठेवणे, किंबर्ली प्रमाणपत्राचा क्रमांक व खरेदीची पावती पुडीबरोबर शेवटपर्यंत सांभाळणे आणि ग्राहकाने विचारल्यास खरे तेच लिहून देणे, यांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. अहिंसेच्या दृष्टीने तर प्रश्न आणखी पुढे जातो: कायदा मुभा देतो तेव्हाही आपला पैसा शेवटी कोणाच्या हाती पडतो, हे श्रावकाने स्वतःस विचारावयाचे आहे. हिरे बाजारातील मोठमोठे सौदे आजही तोंडी शब्दावर होतात. ती पत कागदावरही टिकवणे, हे या धंद्यात येणाऱ्या नव्या पिढीचे काम आहे.